कागदाला न टेकलेलं

दांडिया बाजारात माझं औषधांचं दुकान.
एकवीस वर्षं मी डॉक्टरांचं अक्षर वाचतोय.
शाईत बुडालेली मुंगी घरी निघाली असावी
तशी एकेक ओळ.
तिच्यातून मी गोळी काढतो, मात्रा काढतो,
जेवणाआधी की नंतर तेही काढतो.
अडलंच तर फोन:
साहेब, हे पाच की पंधरा?
अदबीनं.

ओजसच्या वहीला मी कधी फोन केला नाही.
ती काउंटरवर आपटली, गिऱ्हाइकांदेखत.
हे अक्षर आहे की कोंबडीनं उकरलंय?
गिऱ्हाईक हसलं. त्याच्या हातातलं प्रिस्क्रिप्शन
मला तेव्हाही सहज वाचता येत होतं.

रोज रात्री दहा ओळी शुद्धलेखन, मराठी.
शाळेतली गुजराती त्याला बरी वाटायची.
तिच्या डोक्यावर, म्हणाला, काही ठेवावं लागत नाही.
मी म्हटलं, कामचुकारपणा. शिरोरेघ दे.

मग मनीषाबेनची चिठ्ठी आली, मोत्यासारख्या अक्षरात:
एकदा दाखवून घ्या.

कारेलीबाग, दुसरा मजला, खाली टायरवाला.
टेबलावर काळी पाटी, तिच्यावर साधा कागद,
आणि एक पेन, ज्याला ती पाटी
सेकंदाला दोनशेदा विचारते, कुठे आहेस?
मला मागची खुर्ची, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर.
दिसत होता फक्त त्याचा उजवा खांदा,
कानापर्यंत चढलेला.
तीन ओळी. सात मिनिटं.
खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

डॉक्टर हेतलबेननी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
काळ्या रंगात कागदावरचं होतं,
ते मला पाठ होतं.
मग त्यांनी एक बटण दाबलं
आणि निळं उगवलं:
पेन उचललेलं असताना
हात जिथं जिथं जाऊन आला ते.
'क'भोवती घिरट्या.
'ख'च्या दारापर्यंत तीनदा, आणि परत.
एका वेलांटीसाठी
अख्ख्या सुरसागरला वळसा.
शिरोरेघेच्या वर, नुसतं एका जागी,
ताटकळल्याचा गडद डाग.
शाईत झालं होतं सव्वा हात,
हवेत अकरा.

'आळशी पोरगा एवढा चालत नाही,'
त्या गुजरातीत म्हणाल्या, दुसरंच काहीतरी टाइप करत.

मी विचारलं, मशीननं काय ठरवलं?
मशीन ठरवत नाही, ते फक्त बघून ठेवतं.
ठरवायचं मला, अजून दोन बैठकी लागतील.
डोळे तपासून आणा.
बुटाची नाडी बांधतो का? शर्टाची बटणं?

मला ठाऊक नव्हतं.
ओजस खाली बघत म्हणाला,
आई बांधते. बाबा दुकानात गेल्यावर.

महिन्यानं अहवाल आला, चार पानी, छापील.
त्यात सवयीनं मी औषध शोधलं.
नव्हतं.
होतं ते असं: जाड पेन, जास्त वेळ,
आठवड्यातून दोनदा हाताचे व्यायाम,
आणि चौथ्या पानावर, तळाशी,
घरी ओरडा कमी.
हे त्यांनी पेनानं लिहिलं होतं.
गिचमिड. लागलीच वाचता आलं.

काल दुकान बंद करून आलो, वही उघडी होती.
अर्धं पान लागलं. मग अडलो.
हाक मारली तर दारातच थांबला,
खांदा वर.
म्हटलं, इकडे ये. हे पाच की पंधरा?
त्यानं वाकून पाहिलं, बराच वेळ.
म्हणाला, मलापण कळत नाहीये.

मग एक्सपायरी वाचायचं भिंग काढलं
आणि दोघं बसलो.